व्हीलचेअरसह सहकुटुंब कॅम्पिंग: जागा निवडण्यापासून घरी परतेपर्यंत

रिसॉर्टच्या माहितीपत्रकात ‘व्हीलचेअरसाठी सोयीचे’ असे छापलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ बरेचदा एवढाच असतो की स्वागतकक्षाच्या दाराशी एक रॅम्प बांधलेला आहे. माझी थोरली बहीण गेली अनेक वर्षे व्हीलचेअर वापरते. आमच्या पहिल्या कॅम्पिंगला आम्ही अशाच शब्दांवर विसंबून निघालो होतो. फोनवर ‘फक्त एक पायरी आहे’ असे सांगण्यात आले होते. ती पायरी नेमकी स्वच्छतागृहाच्या दारात निघाली आणि दोन दिवस प्रत्येक वेळी ताईला खुर्चीसकट उचलून आत न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तिने पाणी पिणेच कमी केले होते, हे आमच्या ध्यानात रात्री आले.

तेव्हापासून कोणतीही जागा पारखताना आम्ही एकच प्रश्न आधी विचारतो: रात्री दोन वाजता ताईला जाग आली, तर ती बिछान्यातून उठून, खुर्चीत बसून, स्वच्छतागृहापर्यंत जाऊन परत येऊ शकेल का, आणि तेही शक्यतो कोणाला न उठवता? या एका वाटेवर दार, उतार, जमिनीचा पृष्ठभाग, उजेड, कमोडची उंची असे जवळजवळ सगळे प्रश्न येतात. पुढचे सगळे नियोजन या वाटेभोवतीच मांडले आहे.

घरातली पहिली बैठक

सहल कोणासाठी आणि कशासाठी आहे, याची चर्चा खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीशिवाय होता कामा नये. तिच्या वतीने इतरांनी ठरवण्याची सवय प्रेमापोटीच लागलेली असते. तरी ती मोडावी लागते. तिला तळ्याकाठी बसायचे आहे, की पायवाटेने आत रानात जायचे आहे, की दोन दिवस निवांत वाचत पडायचे आहे, हे तिच्याच तोंडून ऐकावे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराच्या ३०व्या कलमात विरंगुळा, पर्यटन आणि खेळ यांत इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा हक्क मान्य केलेला आहे. ‘बरोबरीने’ हा शब्द घरातही तितकाच लागू पडतो.

याच बैठकीत मदतीची वाटणी बोलून घ्यावी. उठ-बस करताना हात कोणी द्यायचा, स्नानगृहात सोबत कोणी जायचे आणि कोणी जायचे नाही, रात्री हाक मारली तर कोण उठणार, हे उघडपणे ठरले की तिला दर वेळी नव्याने विनंती करावी लागत नाही. मुलांनाही निश्चित काम द्यावे. वाटेवरच्या फांद्या आणि दगड बाजूला करणे हे काम दहा वर्षांचे मूल उत्तम करते. न विचारता खुर्ची ढकलायची नाही, हे मात्र त्यांना निघण्यापूर्वीच समजावून सांगावे.

त्यानंतर टेप घेऊन खुर्चीची मापे घ्यावीत. हाताने फिरवायच्या कड्यांसह एकूण रुंदी, पाय ठेवायच्या पाट्यांसह एकूण लांबी, कुशनसह बैठकीची जमिनीपासूनची उंची आणि व्यक्तीसह एकूण वजन, या चार आकड्यांचा पुढे सतत उपयोग होतो. दारातून जाताना कड्यांवरच्या बोटांनाही जागा लागते, म्हणून खुर्चीच्या रुंदीत दोन्ही बाजूंना किमान तीन-चार सेंटिमीटर धरावेत.

फोनवर नेमके काय विचारावे

‘तुमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमीच ‘हो’ येते, म्हणून तो विचारूच नये. आकडे मागावेत. तुलनेसाठी अमेरिकेतील मानके हाताशी ठेवणे उपयोगी पडते, कारण तिथल्या ॲक्सेस बोर्डाने, म्हणजे अपंगांसाठीच्या सोयींची मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ साली मोकळ्या जागांसाठी, म्हणजे तंबूची जागा, सहलीचे टेबल, शेकोटीचे कडे, पायवाट यांच्यासाठी, वेगळी मापे ठरवून दिली. ती सर्वत्र बंधनकारक नाहीत. पण समोरचे उत्तर पुरेसे आहे की नाही, हे ठरवायला त्यांचा आधार मिळतो.

दाराची मोकळी रुंदी, म्हणजे दार उघडल्यावर प्रत्यक्ष उरणारी जागा, किमान ८१.५ सेंटिमीटर असावी. चौकटीचे माप सांगून अनेकजण मोकळे होतात, म्हणून हा फरक आवर्जून विचारावा. खुर्ची जागच्या जागी वळवायला साधारण १५० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ लागते, आणि ते स्वच्छतागृहाच्या आत, दार लावल्यावरही मिळायला हवे. कमोडच्या बैठकीची उंची ४३ ते ४८ सेंटिमीटर असेल तर बहुतेकांना खुर्चीतून सरकणे जमते. आधारदांडा कमोडच्या कोणत्या बाजूला आहे, हेही विचारून घ्यावे, कारण ज्यांचा एकच हात बळकट आहे त्यांना चुकीच्या बाजूचा दांडा काहीच कामाचा नसतो. न्हाणीत खुर्चीसह आत जाता येते का, बसायला स्थिर आसन आहे का, शॉवर हातात धरता येतो का, हे प्रश्न याच ओघात येतात.

उताराविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण ‘थोडासा चढ आहे’ या वाक्याने माणसे फार फसतात. रॅम्पसाठी सर्वसाधारणपणे मान्य प्रमाण एकास बारा असे आहे, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीसाठी रॅम्पची लांबी किमान १८० सेंटिमीटर हवी. घडीचा रॅम्प सोबत न्यायचा असेल तर याच हिशोबाने घ्यावा आणि त्याची वजन पेलण्याची मर्यादा खुर्ची, व्यक्ती आणि ढकलणारा माणूस यांच्या एकत्रित वजनापेक्षा जास्त आहे याची खात्री करावी. उतार मोजणे सोपे आहे. गवंडी वापरतात तशी ६० सेंटिमीटरची लेव्हलपट्टी उतारावर ठेवावी, तिचे खालच्या बाजूचे टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचलावे आणि त्या टोकाखाली किती अंतर पडले ते मोजावे. ५ सेंटिमीटर पडले तर उतार एकास बारा, ३ पडले तर एकास वीस, आणि सव्वा सेंटिमीटर पडले तर एकास अठ्ठेचाळीस.

एकास अठ्ठेचाळीस हा आकडा आडव्या उतारासाठी आणि तंबूच्या जागेसाठी महत्त्वाचा आहे. वाट एका बाजूला कलती असेल तर खुर्ची सतत खालच्या अंगाला ओढली जाते आणि तिला सरळ ठेवण्यासाठी खालच्या बाजूच्या हाताला जास्तीचा जोर लावत राहावे लागते. ताईला समोरच्या चढापेक्षा हा आडवा कल जास्त दमवतो, आणि चालणाऱ्या माणसाला तो जाणवतही नाही. पक्के बांधकाम नसलेल्या जागी पाण्याचा निचरा व्हावा म्हणून वरील मानकांनी एकास वीसपर्यंत सूट दिलेली आहे. त्याहून कलत्या जागेवर झोपायची व्यवस्था करू नये.

आकडे मिळाले तरी पुढची एक विनंती करावी: तंबूच्या जागेपासून स्वच्छतागृहापर्यंत चालत जाऊन मोबाइलवर एक अखंड व्हिडिओ काढून पाठवा, आणि मोबाइल कमरेच्या उंचीवर धरा. छायाचित्रात पायरी सहज झाकली जाते. अखंड चित्रणात ती लपवता येत नाही. जो व्यवस्थापक असा व्हिडिओ आनंदाने पाठवतो, तो पुढेही मदतीला येतो, असा माझा अनुभव आहे. ठरलेली जागा क्रमांकासह लेखी कळवायला सांगावी आणि ती ऐनवेळी दुसऱ्याला दिली जाणार नाही असे त्यात नमूद करून घ्यावे.

जमीन

निवड करताना मी सर्वांत जास्त वेळ जमिनीवर घालवते. बारीक भुकटीसह दाबून बसवलेली खडी पाऊस नसताना जवळजवळ डांबरासारखी चालते. तीच खडी सुटी पसरलेली असेल तर पुढची छोटी चाके तिच्यात रुततात आणि खुर्ची जागीच थबकते. जोरात येत असताना ती थबकली तर बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाण्याचा धोका असतो. आखूड, कोरडे गवत चालते; लांब किंवा ओले गवत फार शक्ती खाते. लाकडी फळ्यांची वाट असेल तर फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात आणि त्यांच्यातील फट सव्वा सेंटिमीटरहून जास्त नसावी, नाहीतर चाक फटीत अडकते. वाटेची रुंदी ९० सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये.

मऊ जमिनीचा छोटा पट्टा टाळता येतच नसेल, तर खुर्ची मागे कलती करून, पुढची चाके उचलून, मोठ्या चाकांवर उलटी ओढत नेणे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. खुर्चीच्या पुढच्या भागाला जोडायचे एक मोठे जादा चाकही मिळते; त्याने छोटी चाके अधांतरी राहतात आणि खडबडीत वाटेवर मोठा फरक पडतो. मात्र ते घरच्या अंगणात आठवडाभर वापरून पाहावे, कारण त्याने वळण्याची पद्धत बदलते.

तंबू की खोली

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने रिसॉर्टमधील लाकडी कॉटेज किंवा पक्क्या ओट्यावर उभारलेला मोठा तंबू घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात कमीपणा काही नाही. पाऊस आला की जमिनीवरच्या तंबूत सगळ्यांचे हाल होतात, आणि खुर्चीत असलेल्या व्यक्तीचे जास्त होतात.

स्वतःचा तंबू न्यायचा असेल तर तो आत उभे राहता येईल इतका उंच असावा, कारण उठ-बस करायला मदत करणाऱ्या माणसाची पाठ वाकलेली असेल तर दोघांनाही इजा होते. तीन माणसांसाठी सहा माणसांचा तंबू घ्यावा. खाट टाकल्यावरही खुर्ची वळायला जागा उरली पाहिजे. दाराशी चेनच्या खाली कापडाचा उभा काठ असतो. तो आडवा दाबून त्यावर जाड रबरी चटई अंथरली की चाके सहज आत जातात. तंबूच्या ताणदोऱ्या वाटेच्या बाजूला येऊ देऊ नयेत आणि ज्या येतील त्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधाव्यात.

घडीच्या खाटेची पारख घरीच करावी. तिची उंची खुर्चीच्या बैठकीशी मिळतीजुळती हवी, आणि कडेला बसल्यावर ती उलटता कामा नये. कात्रीसारखे दुमडणारे पाय असलेल्या हलक्या खाटा टोकाशी बसल्यावर उचलल्या जातात. हवा भरायची गादी वर टाकली तर तिची कड दबते आणि सरकताना माणूस घसरतो. खुर्चीतून खाटेवर सरकण्यासाठी लाकडी फळी वापरत असाल तर या नव्या खाटेवर तिच्यासह दोन-तीनदा सराव करून पाहावा.

सामान बांधताना

नेहमीच्या यादीखेरीज खुर्चीची स्वतंत्र पिशवी असावी. तिच्यात खुर्चीच्या स्क्रूंना बसणाऱ्या ॲलन की, हातपंप, योग्य मापाची ट्यूब, पंक्चरचे साहित्य, मजबूत चिकटपट्टी आणि प्लास्टिकचे बांधपट्टे ठेवावेत. कॅथेटर (लघवी बाहेर काढायची नळी), डायपर, मलमपट्टी, औषधे यांचा साठा लागणाऱ्या दिवसांच्या दुप्पट न्यावा आणि तो दोन वेगळ्या बॅगांत विभागावा, म्हणजे एक बॅग भिजली तरी अडत नाही.

बॅटरीवर चालणारी खुर्ची असेल तर विजेचा प्रश्न आधी सोडवावा. वीज दिवसभर असते की ठरावीक वेळीच, प्लग जमिनीपासून किती उंचीवर आहे, खाटेपासून किती दूर आहे, हे विचारावे, आणि बाहेर वापरण्याजोगी, अर्थिंग असलेली जाड वायर सोबत घ्यावी. चढ, मऊ जमीन आणि थंडी या तिन्हींमुळे बॅटरी शहरातल्यापेक्षा लवकर उतरते. म्हणून एका चार्जिंगवर नेहमी जेवढे अंतर कापले जाते, त्याच्या निम्म्याचाच बेत करावा. खुर्ची चालवायच्या दांडीच्या (जॉयस्टिकच्या) नियंत्रकात पाणी जाऊ नये म्हणून एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड कायम खुर्चीलाच अडकवून ठेवावे.

पोहोचल्यावरचा पहिला तास

सामान उतरवण्याआधी रात्रीची वाट प्रत्यक्ष करून पाहावी, आणि ती खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीनेच करून पाहावी. गाडीचा रॅम्प बाजूने उघडत असेल तर त्या बाजूला सुमारे अडीच मीटर मोकळी, कठीण जमीन राहील अशीच गाडी लावावी. स्वच्छतागृहाचे दार आतून बंद करून पाहावे, आधारदांड्याला जोराने ओढून तो हलत नाही ना ते तपासावे, नळ आणि दिव्याचे बटण बसल्या जागेवरून हाताला लागते का ते बघावे. बसलेल्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात साधारण ३८ ते १२२ सेंटिमीटर उंचीच्या वस्तू येतात. टॉवेलची खुंटी याहून वर असेल तर एक दोरी बांधून घ्यावी. काही अडचण निघाली तर उजेड असतानाच व्यवस्थापकाला सांगता येते.

वाटेवर दर काही पावलांवर सौरदिवे रोवावेत. तंबूच्या दाराशी एक ओला आणि एक कोरडा जाड टॉवेल अंथरावा, म्हणजे चाके त्यांवरून जाताना पुसली जातात. चाकांचा चिखल शेवटी हातांनाच लागतो, आणि तेच हात पुढे कॅथेटर हाताळतात. दव पडल्यावर हाताच्या कड्या निसरड्या होतात, त्यासाठी पकड असलेले हातमोजे खाटेशेजारी असू द्यावेत. कलत्या किंवा ओल्या जागी नुसत्या ब्रेकवर विसंबू नये. चाकांमागे लाकडाची ठोकळी लावावी.

जेवण आणि शेकोटी

सहलीच्या लाकडी टेबलांना बाक जोडलेला असतो आणि खुर्ची बाहेरच राहते. टेबलाचे एक टोक पुढे वाढवलेले असेल आणि त्याखाली सुमारे ६८ सेंटिमीटर उंची व ४८ सेंटिमीटर खोली मिळत असेल, तर गुडघे आत जातात आणि माणूस इतरांबरोबर पंगतीला बसतो. तसे टेबल नसेल तर घडीचे टेबल घरून न्यावे. मांडीवर ताट घेऊन जेवायची वेळ घरातल्या एकाच माणसावर येऊ नये.

शेकोटीभोवती एक गोष्ट मला फार उशिरा कळली. खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय पुढे काढलेल्या पाट्यांवर असतात, त्यामुळे त्याच्या शरीराचा आगीला सर्वांत जवळचा भाग म्हणजे पावले. चेहऱ्याला ऊब जेमतेम पुरेशी वाटत असते, तेव्हा बूट तापलेले असतात, आणि पायांना संवेदना नसेल तर भाजल्याचे कळतही नाही. म्हणून अंतर पावलांवरून ठरवावे. दर थोड्या वेळाने कोणीतरी बुटांना आणि धातूच्या पाट्यांना हात लावून पाहावे, आणि मांडीवर चटकन पेट घेणारी कृत्रिम धाग्याची शाल घेऊ नये. गरम पाण्याची पिशवी संवेदना नसलेल्या पायांवर ठेवू नये. कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह तंबूच्या आत कधीही पेटता ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पोहण्याचा तलाव असेल तर त्यात उतरायला उताराची वाट किंवा बसून खाली सोडणारी लिफ्ट आहे का, तिची वजनमर्यादा किती आणि ती सध्या चालू आहे का, हे विचारावे. लिफ्ट असते आणि बंद असते, असे बरेचदा आढळते.

शरीराची काळजी

सहलीच्या उत्साहात बैठक लांबते आणि त्वचेकडे दुर्लक्ष होते. ज्यांना दाबाची जाणीव होत नाही, त्यांनी दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून बैठकीवरचा भार हलका करावा. मोबाइलवर गजर लावणे उत्तम. सकाळी आणि रात्री आरशाने किंवा घरच्या माणसाकडून त्वचा पाहून घ्यावी, आणि दाब काढल्यावरही न जाणारा लालसर डाग दिसला तर त्या भागावर भार देणे बंद करावे. हवेचे कुशन वापरत असाल तर उंच ठिकाणी पोहोचल्यावर त्यातली हवा पुन्हा तपासावी, कारण बाहेरचा दाब कमी झाला की कुशन फुगून कडक होते.

मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या अनेकांना इजेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे उन्हात शरीर लवकर तापते. सावली, पाण्याची फवारणी आणि ओला रुमाल हाताशी असू द्यावा. इजा सहाव्या वक्षीय (छातीमागच्या) मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर सोबतच्या प्रत्येकाला एक आणीबाणी ओळखता आली पाहिजे: अचानक ठणकणारे डोके, चेहऱ्यावर लाली आणि घाम, झपाट्याने वाढलेला रक्तदाब. अशा वेळी व्यक्तीला आडवे करू नये. ताठ बसवून पाय खाली सोडावेत, कपडे आणि पट्टे सैल करावेत आणि कॅथेटरची नळी पिळली आहे का, मूत्राशय भरले आहे का, त्वचेला काही रुतते आहे का, ते लगेच पाहावे. लक्षणे उतरत नसतील तर विलंब न करता वैद्यकीय मदत बोलवावी. जवळचे रुग्णालय कुठे आहे आणि रात्री तिथे नेणारे वाहन कोणते, हे पोहोचल्याच दिवशी कागदावर लिहून तंबूच्या दाराशी लावावे, आणि आपल्या तंबूत व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती आहे, हे रात्रपाळीच्या रखवालदारालाही सांगून ठेवावे.

परतल्यावर

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी खुर्ची उलटी करून पुढची छोटी चाके पाहावीत. त्यांच्या आसाभोवती गवताच्या काड्या, केस आणि वाळू घट्ट गुंडाळलेली असते. ती चिमट्याने काढावी, बेअरिंग कोरडे पुसावे, सगळे नट आवळून घ्यावेत आणि कुशनचे आवरण धुवावे. मग वहीत त्या ठिकाणाची खरी मापे लिहावीत, म्हणजे दाराची रुंदी, कमोडची उंची, वाटेचा सर्वांत कठीण टप्पा. तीच मापे दोन छायाचित्रांसह रिसॉर्टलाही पाठवावीत. आमच्या एका पत्रानंतर एका ठिकाणी स्वच्छतागृहाच्या दारातला उंबरठा तासून सपाट करण्यात आला, आणि पुढच्या वर्षी ताई त्यावरून एकटीच आत गेली.